वेठीचे नवे नाव ‘सेवा’ : प्लेगपासून कोरोनापर्यंत घरोघर रुग्ण सांभाळणाऱ्या बायांचा इतिहास

२२ मार्च २०२० रोजी संध्याकाळी ५ वाजता देशभर टाळ्या आणि थाळ्या वाजल्या. पंतप्रधानांनी आवाहन केले होते आणि लोकांनी ते मनापासून पाळले. डॉक्टर, परिचारिका, सफाई कामगार, पोलीस या सगळ्यांचे आभार मानण्यासाठी तो आवाज होता. पुढे याच लोकांना ‘कोरोना योद्धा’ म्हटले गेले, त्यांच्यावर फुले उधळली गेली, चौकाचौकात बॅनर लागले. आभार मानण्यात वाईट काही नाही. पण आम्हा आंबेडकरी कार्यकर्त्यांना एक सवय बाबासाहेबांनी लावली आहे. कुणी आपल्या कामाचा फार गौरव करू लागला की आपण त्याला आधी विचारतो, पगार किती देतोस?

हा प्रश्न आम्ही डहाणू आणि तलासरीच्या संदर्भात विचारणार आहोत. येथे साथीच्या काळात आजारी माणसाच्या घरात जाणाऱ्या दोन प्रकारच्या बाया होत्या. पहिली आशाताई. पाड्यापाड्यावर चालत जाणारी, ताप मोजणारी, बाहेरगावाहून आलेल्यांची नोंद ठेवणारी, बाळंतिणीला दवाखान्यात नेणारी. दुसरी म्हणजे ब्युरोमार्फत किंवा ओळखीने मुंबई, वसई, विरार, बोरिवली इकडच्या घरांत म्हाताऱ्यांना आणि आजाऱ्यांना सांभाळणारी बाई, जिला लोक ‘आया’, ‘मावशी’ किंवा नुसतेच ‘बाई’ म्हणतात. पहिली सरकारच्या कागदावर ‘स्वयंसेविका’ आहे. दुसरी कुठल्याच कागदावर नाही. दोघी बहुतेक करून आदिवासी, बौद्ध, दलित आणि इतर मागास समाजातल्या आहेत. हा योगायोग आहे का, हे पाहायचे तर मागे जावे लागते.

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले. त्यानंतर लोक शहर सोडून पळू लागले. पालिकेने सक्तीने रुग्ण हलवण्याचे हुकूम काढले, पण ते राबवताना एक धास्ती अधिकाऱ्यांना सतत होती : मैला वाहणारे हलालखोर आणि सफाई कामगार घाबरून निघून गेले तर? बाकी कोण गेले तरी शहर चालेल, हे गेले तर शहर राहण्यालायक उरणार नाही, हे इंग्रज अधिकाऱ्याला पक्के ठाऊक होते. एवढे महत्त्व ज्यांचे, त्यांचा मान त्या काळी कसा होता? १८८९ मध्ये मुंबईच्या सफाई कामगारांनी संप केला होता. त्याचे उत्तर म्हणून १८९० मध्ये कायदा आला, आणि रीतसर नोटीस न देता काम सोडणे हा अशा नोकराच्या बाबतीत गुन्हा ठरला. म्हणजे ज्याच्यावाचून चालत नाही त्याची मजुरी वाढवायची नाही, त्याला बांधून ठेवायचे. हे सूत्र वाचकांनी ध्यानात ठेवावे, कारण ते पुन्हा येणार आहे.

४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग कायदा लागू झाला. सरकारला घरात शिरण्याचे, तपासण्याचे, माणसे वेगळी ठेवण्याचे अधिकार मिळाले. हुकूम राबवणाऱ्या अधिकाऱ्यावर खटला भरता येणार नाही अशी तरतूदही त्यात होती. त्या रुग्णाला पाणी पाजणाऱ्या, त्याचे कपडे धुणाऱ्या माणसाबद्दल त्या कायद्यात एक अक्षर नव्हते.

आणि त्यानंतर जेमतेम महिन्याने, १० मार्च १८९७ रोजी सावित्रीमाई गेल्या. पुण्याजवळ हडपसरच्या बाजूला, ससाणे यांच्या माळावर डॉ. यशवंत यांनी प्लेगच्या रुग्णांसाठी दवाखाना काढला होता. सावित्रीमाई रुग्णांना तेथे आणत. मुंढव्याच्या महारवाड्यातल्या गायकवाड कुटुंबातल्या मुलाला प्लेग झाल्याचे कळल्यावर त्यांनी त्याला स्वतः उचलून आणले आणि त्यांनाही संसर्ग झाला. वय ६६. हा प्रसंग दरवर्षी १० मार्चला आपण सांगतो, आणि सांगावाच. पण आपण तो फक्त त्याग म्हणून सांगतो. आम्हाला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. महारवाड्यातल्या मुलाला उचलायला त्या काळच्या पुण्यात दुसरे कोण येणार होते? रँडच्या सोजिरांनी घरात शिरून ‘बाटवले’ म्हणून जे पुणे संतापले, आणि ज्या संतापातून २२ जून १८९७ ला रँडवर गोळी झाडली गेली, त्या पुण्याच्या वर्तमानपत्री संतापात महारवाड्यातल्या रुग्णाला हात कोण लावणार हा मुद्दा कितीसा होता? यशवंतरावही पुढे १९०५ मध्ये प्लेगच्या साथीतच गेले. रुग्णाजवळ जाणाऱ्याचा जीव जातो, ही गोष्ट फुले कुटुंबाने दोनदा भोगली.

साथीत कोण मरते याचा एक आकडा मात्र प्रत्येक आंबेडकरी तरुणाला पाठ हवा. १९१८ च्या इन्फ्लुएन्झात मुंबई शहरात दर हजारी मृत्यू असे होते : युरोपीय ८.३, पारशी ९, सवर्ण हिंदू १८.९, मुसलमान १९.२, आणि ज्यांना सरकारी तक्त्यात ‘खालच्या जातीचे हिंदू’ म्हटले होते ते ६१.६. विषाणू जात विचारत नाही असे २०२० मध्ये टीव्हीवर वारंवार सांगितले गेले. विषाणू विचारत नसेल, पण त्या वेळी या तापावर औषधच नव्हते. वाचवणारी गोष्ट एकच होती : अंथरुणाला खिळलेल्या माणसाला कुणी तरी वेळेवर पाणी, पेज, ऊब आणि विश्रांती देणे. म्हणजेच शुश्रूषा. आठ-दहा माणसांच्या एका खोलीत सगळेच एकदम आजारी पडले तर शुश्रूषा कोण करणार? आणि त्या खोलीतली धडधाकट बाई दिवसभर दुसऱ्याच्या घरी कामाला असेल तर? ८ आणि ६१ यांच्यातल्या दरीचा मोठा भाग आमच्या मते येथे आहे. शुश्रूषा ही संपत्तीसारखीच वाटली गेलेली गोष्ट आहे. एका वस्तीतून ती निघते आणि दुसऱ्या वस्तीत जमा होते.

आता स्पर्शाविषयी. गावगाड्यात सुईणीचे काम अनेक ठिकाणी मांग आणि महार बायांकडे होते. बाळंतपणाचे रक्त, मेलेले जनावर, मर्तिकाचा सांगावा ही सगळी कामे ज्यांच्या स्पर्शाने विटाळ होतो असे मानले त्यांच्याकडेच होती. शरीराच्या ज्या क्षणी माणूस सगळ्यात असहाय असतो, जन्मताना, आजारात, मरताना, त्या क्षणी अस्पृश्याचा हात चालत होता. काम संपले की तोच हात पुन्हा बाटवणारा. २०२० मध्ये ‘सोशल डिस्टन्सिंग’चे भाषांतर करून ‘सामाजिक अंतर’ हा शब्द घरोघर पोहोचला तेव्हा आपल्यापैकी अनेकांनी त्याला हरकत घेतली, शारीरिक अंतर म्हणा असे सांगितले. काहींना तो शब्दांचा कीस वाटला. पण ज्या समाजाने २००० वर्षे सामाजिक अंतर पाळले त्याला तो शब्द इतका सहज कसा जिभेवर आला, हे विचारणे चुकीचे नव्हते. अंतर कोणी पाळायचे आणि ते मोडून आत कोणी जायचे, याची वाटणी मात्र जुनीच राहिली.

बाबासाहेबांनी १९ मार्च १९२८ रोजी मुंबई विधिमंडळात वतन कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक मांडले. महार वतनावरची त्यांची टीका आज पुन्हा वाचली पाहिजे, कारण ती जणू आजच्या ‘मानधन’ पद्धतीवरच आहे. महाराच्या कामाला वेळ नाही, रात्री-अपरात्री हुकूम आला की निघायचे. काम कोणते याची यादी नाही, सांगेल ते करायचे. वतनदार घरी नसेल तर घरातल्या दुसऱ्या कोणी जायचे, म्हणजे अख्खे कुटुंब बांधलेले. आणि याच्या बदल्यात ठरलेला पगार नाही, थोडी इनाम जमीन आणि रयतेकडून मिळणारे बलुते, ते देणाऱ्याच्या मर्जीवर. बाबासाहेबांची मागणी साधी होती : काम सरकारचे असेल तर पगार सरकारने द्यावा. बलुते घेणारा माणूस मागायला जातो आणि पगार घेणारा हक्काने उभा राहतो, हा फरक त्यांना दिसत होता. खालच्या दर्जाची गाव वतने रद्द होण्यासाठी १९५८ उजाडावे लागले, तोवर बाबासाहेब नव्हते.

याच संदर्भात १९४५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या काँग्रेस आणि गांधींवरच्या त्यांच्या ग्रंथातले गांधीवादाचे प्रकरण आठवावे. भंगीकाम ही समाजाची श्रेष्ठ सेवा आहे असे सांगणाऱ्या गांधीजींना बाबासाहेबांनी तेथे जे सुनावले त्याचा आशय असा, की माणसाला घाणीच्या कामात ठेवायचे आणि त्याच्या अभिमानाला गोंजारून ते काम थोर असल्याचे सांगायचे, ही त्याची क्रूर थट्टा आहे. टाळ्या-थाळ्यांच्या दिवशी आम्हाला हे प्रकरण आठवले. ज्याला गौरव मिळतो त्याने मजुरी मागितली तर तो कृतघ्न ठरतो. गौरवाचा असाही उपयोग असतो.

आता आमच्या भागाकडे. डहाणू-तलासरीच्या मातीत ‘वेठ’ हा शब्द पुस्तकातला नाही, तो आजोबा-पणजोबांच्या पाठीवरचा आहे. १९४५ पूर्वी येथल्या जमिनी सावकार-जमीनदारांच्या ताब्यात गेल्या होत्या आणि वारली माणूस त्यांच्या शेतावर, जंगलात, घरी फुकट राबत होता. लग्नासाठी कर्ज घेतलेला तरुण ‘लग्नगडी’ होई आणि त्याची बायकोही त्याच्यासोबत मालकाच्या दारात बांधली जाई. शेण-गोठा, झाडलोट, दळण, पाणी, मालकाच्या घरातली सगळी कामे ती करी, आणि मालकाच्या वासनेपासून तिला संरक्षण नव्हते. घरातली वेठ ही बाईची वेठ होती. २३ मे १९४५ रोजी तेव्हाच्या उंबरगाव तालुक्यातल्या, आज तलासरीत असलेल्या झरी गावी सुमारे ५००० वारली जमले आणि वेठ करणार नाही असे ठरले. रोजाला १२ आणे रोख, ही मागणी पुढे आली. १० ऑक्टोबर १९४५ ला तलवाड्याला जमलेल्या वारल्यांवर गोळीबार झाला, त्यात जेठ्या गांगडसह ५ जण मारले गेले. गोदावरी परुळेकरांनी हा लढा ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात लिहून ठेवला आहे.

आमच्या काही मित्रांना लाल बावट्याचा उल्लेख आला की अस्वस्थ वाटते. त्यांच्यासाठी एक आठवण. गोदावरीबाईंचे जोडीदार शामराव परुळेकर १९३७ मध्ये बाबासाहेबांच्या स्वतंत्र मजूर पक्षातर्फे मुंबई विधिमंडळात निवडून आले होते, आणि खोती विरोधात १० जानेवारी १९३८ ला मुंबईत शेतकऱ्यांचा जो मोर्चा निघाला त्यात ते होते. वाटा पुढे वेगळ्या झाल्या, मतभेद खरे होते, ते झाकायचे कारण नाही. पण महार वतन, खोती आणि वारल्यांची वेठ या तिन्ही विरुद्धच्या लढ्यांत प्रश्न एकच होता : दुसऱ्याचे काम करायचे तर त्याची मजुरी ठरलेली असली पाहिजे. संविधानाच्या कलम २३ ने वेठबिगारीला मनाई केली ती या सगळ्या लढ्यांच्या पाठबळावर. १९८२ मध्ये एशियाडच्या बांधकाम मजुरांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने आणखी पुढे जाऊन सांगितले, की किमान वेतनाहून कमी पैशात काम करून घेणे हीसुद्धा कलम २३ मधली सक्तीची मजुरी आहे. उपासमार हीही सक्तीच असते, हे त्या निकालाचे सार.

मग आशाताई या निकालात बसत नाहीत का? बसतात, पण त्यांना त्यात बसू नये यासाठी शब्द वेगळा ठेवला आहे. २००५ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झाले तेव्हा त्यांना ‘स्वयंसेविका’ ठरवले गेले. त्यांना वेतन नाही, ‘मोबदला’ आहे. इतकी बाळंतपणे, इतके डोस, इतकी सर्वेक्षणे, त्याप्रमाणे इतके रुपये. ठरावीक कामांसाठीचा केंद्राचा मोबदला २०१८ पासून महिना २००० रुपये झाला. राज्याने जुलै २०२० पासून त्यात आणखी २००० घातले. महाराष्ट्रात अशा सुमारे ७०,००० बाया आहेत. कायद्याच्या भाषेत त्या कामगार नाहीत, म्हणून किमान वेतन नाही. हे वतनाचेच गणित आहे. काम सरकारचे, यादी न संपणारी, वेळेची मर्यादा नाही, आणि मोबदला देणाऱ्याच्या सोयीने.

मार्च २०२० नंतर या यादीत काय काय आले ते पाहा. बाहेरून आलेल्यांची नोंद. आमच्या तालुक्यांत हे काम किती मोठे होते ते शहरातल्या वाचकाला पटकन कळणार नाही. तलासरी-डहाणूचे शेकडो तरुण गुजरातच्या मासेमारी बोटींवर खलाशी म्हणून जातात, कुटुंबेच्या कुटुंबे वीटभट्ट्यांवर जातात. टाळेबंदीत ही माणसे परतू लागली, खलाशांना बोटींवरच अडकून पडावे लागले, काही रेल्वेमार्गाने आणि जंगलाच्या वाटेने चालत आली. प्रत्येकाच्या दारात जाऊन, किती दिवस झाले, ताप आहे का, वेगळे झोपता का, हे विचारायचे काम आशाताईचे. केंद्राने कोविडच्या कामासाठी वेगळे दिले ते महिना १००० रुपये. दिवसाला ३३ रुपये पडतात.

वातावरण कसे होते तेही आठवावे. एप्रिल २०२० मध्ये आमच्या भागात रात्री चोर येतात, मुले पळवणारे येतात, अशा अफवांनी गावे जागत होती. डहाणू तालुक्यातल्या गडचिंचले येथे १६ एप्रिलच्या रात्री जमावाने दोन साधू आणि त्यांच्या गाडीचालकाची हत्या केली. त्याच आठवड्यात कासा परिसरात एका डॉक्टरांच्या गाडीवरही हल्ला झाला होता. गडचिंचल्यावर देशभर महिनोन्‌महिने चर्चा झाली, तिला धार्मिक रंग देण्याचे प्रयत्न झाले. पण त्याच दिवसांत त्याच रस्त्यांवरून, अनोळखी माणसाकडे संशयाने पाहणाऱ्या पाड्यांत, खांद्याला पिशवी लावून एकटी जाणारी बाई कोणाच्या चर्चेत नव्हती. २२ एप्रिलला केंद्राने वटहुकूम काढून १८९७ च्या साथरोग कायद्यात आरोग्य कर्मचाऱ्यांवरील हल्ल्यासाठी ३ महिने ते ५ वर्षे शिक्षेची तरतूद केली. १२३ वर्षांनी त्या कायद्याला शुश्रूषा करणाऱ्याची आठवण झाली, ती मार खाण्यापुरती. संसर्गापासून संरक्षण, आजारपणाची रजा, मजुरी याबद्दल दुरुस्तीत काही नाही.

आम्ही ज्या आशाताईंशी बोललो त्यांच्या सांगण्यात दोन गोष्टी पुन्हा पुन्हा आल्या. एक, मास्क आणि सॅनिटायझर सुरुवातीला अगदी तुटपुंजे मिळाले, मग कापडी मास्क घरी धुऊन वापरले किंवा पदर बांधला. दुसरी गोष्ट घरातली. दिवसभर फिरून आल्यावर वेगळे राहायला खोली कुठे होती? कुडाच्या घरात चूल, माणसे, कोंबड्या एकाच छपराखाली. एका ताईंनी सांगितले, ‘दादा, मी महिनाभर ओसरीवर झोपले, पण पाणी तर एकाच हंड्यातलं ना.’

या जागी केंद्राच्या गृह विलगीकरणाच्या सूचना वाचाव्यात. एप्रिल २०२० च्या अखेरीस त्या आल्या. सौम्य लक्षणांच्या रुग्णाला घरी ठेवता येईल, मात्र घरात वेगळे राहण्याची सोय हवी आणि २४ तास काळजी घेणारी व्यक्ती उपलब्ध हवी. काळजी घेणाऱ्याने तीन पदरी मास्क लावावा, हातमोजे घालावेत, असे त्यात होते. हे मोजे कोण देणार, त्या व्यक्तीचा बुडालेला रोज कोण भरणार, हे नव्हते. २४ तास फुकट उपलब्ध असलेली व्यक्ती म्हणजे सूचना लिहिणाऱ्याच्या डोळ्यांसमोर कोण होती, हे सांगायची गरज आहे का? घरातली बाई, नाही तर पैसे देऊन ठेवलेली बाई. पुढे १५ सप्टेंबर ते २५ ऑक्टोबर २०२० या काळात राज्यात ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहीम झाली. पथकांनी घरोघर जाऊन ताप आणि प्राणवायूची पातळी तपासली, आशाताई त्यात होत्याच. मोहिमेने रुग्ण लवकर सापडले हे आम्ही नाकारत नाही. घोषणा मात्र आम्हाला तेव्हाही खटकली. ‘माझे कुटुंब’ म्हटले की जबाबदारी कुटुंबातल्या बाईच्या पदरात पडते, आणि जे सरकारचे काम ते घरातले काम होऊन जाते. घरातल्या कामाला पैसे कोण मागते?

आता दुसऱ्या बाईकडे येऊ. तिचा इतिहास लिहिणे अवघड आहे, कारण तिची नोंदच नाही. १६ एप्रिल २०१३ ला मुंबईची लोकल डहाणू रोडपर्यंत आली, आणि या भागातल्या बायांना दूरच्या घरांतले काम जवळ आले. पहाटेच्या गाडीने जायचे, १२ तासांची ड्युटी करून परतायचे, किंवा २४ तासांची ड्युटी घेऊन आठवड्या-पंधरवड्याने घरी यायचे. काम असे : अंथरुणावरच्या माणसाला फिरवणे, पुसणे, डायपर बदलणे, भरवणे, गोळ्या देणे, रात्री उठणे. प्रशिक्षण बहुतेकींना नाही, पाहून शिकलेल्या. पगारातून ब्युरोचे कमिशन कापले जाते. नेमणूकपत्र नाही, ओळखपत्र नाही.

मार्च २०२० मध्ये लोकल बंद झाली. त्या क्षणी ज्या बाया मालकाच्या घरी होत्या त्या तेथेच राहिल्या आणि ज्या आपल्या घरी होत्या त्यांचे काम गेले. आत राहिलेल्यांना सांगितले गेले, आता बाहेर जायचे नाही, गेलीस तर परत येऊ नकोस. १२ तासांची ड्युटी २४ तासांची झाली, पगार सगळीकडे त्या प्रमाणात वाढला नाही. सोसायट्यांनी गेटवर बायांची नावे लावून प्रवेश बंद केले, म्हणजे संसर्ग बाईकडून येतो हे गृहीत. विमानाने कोण आले होते ते तोवर विसरले गेले होते. १५ जून २०२० ला लोकल अत्यावश्यक सेवेतल्या कर्मचाऱ्यांसाठी सुरू झाली, ओळखपत्र दाखवा आणि चढा. रुग्णालयातल्या कर्मचाऱ्याकडे ओळखपत्र होते. घरात रुग्ण सांभाळणारी बाई तेच काम करत होती, पण घर ही आस्थापना नाही, म्हणून ती अत्यावश्यक नव्हती. सर्व महिलांना ठरावीक वेळेत लोकलने जाऊ देण्याचा निर्णय झाला तो २१ ऑक्टोबरला, सात महिन्यांनी. तोपर्यंत डहाणू रोडवरून विरारला जायचे तर टेम्पो, खासगी जीप आणि दुप्पट-तिप्पट भाडे.

विम्याचेही तसेच. ३० मार्च २०२० पासून कोविडच्या कामातल्या आरोग्य कर्मचाऱ्यांसाठी ५० लाखांचा विमा लागू झाला. त्यात आशा होत्या, ही चांगली गोष्ट. पण कोविड झालेल्या म्हाताऱ्याला त्याच्या घरी सांभाळताना संसर्ग होऊन मेलेल्या आयाबाईचे नाव कोणत्या यादीत होते? कोणत्याच नाही. तिचा मृत्यू झाला तर तो एका घरातला मृत्यू. महाराष्ट्रात घरकामगार कल्याण मंडळाचा कायदा २००८ मध्ये झाला, आणि एप्रिल २०२१ मध्ये राज्याने नोंदणीकृत घरकामगारांना १५०० रुपये जाहीर केले. खरी मेख ‘नोंदणीकृत’ या शब्दात आहे. नोंदणीला मालकाचा कागद लागतो आणि ब्युरो म्हणतो आम्ही मालक नाही, घरवाले म्हणतात आम्ही ब्युरोला पैसे देतो. जिनिव्हात १६ जून २०११ ला घरकामगारांसाठी आंतरराष्ट्रीय करार क्रमांक १८९ संमत झाला, भारताने बाजूने मत दिले. मान्यता आजतागायत दिलेली नाही.

आशाताईंनी मात्र एक गोष्ट करून दाखवली, आणि तिचा इतिहास आपण नीट लिहिला पाहिजे. दुसरी लाट ओसरत असताना, १५ जून २०२१ पासून राज्यभरातल्या आशा आणि गटप्रवर्तक संपावर गेल्या. ‘साथीत संप?’ असे विचारणारे होतेच. १८८९ मध्येही असे विचारणारे होते. नऊ दिवसांनी, २३ जूनला आरोग्यमंत्री राजेश टोपे यांच्याशी तोडगा निघाला : आशांना १ जुलैपासून १००० रुपये वाढ आणि ५०० रुपये कोविड भत्ता. ५०० रुपये महिना म्हणजे दिवसाला १७ रुपयांहून कमी. रक्कम लहान आहे, पण साथ चालू असताना ‘योद्धा’ म्हणवून घेणाऱ्या बायांनी काम थांबवून पैसे मागितले हे लहान नाही. २२ मे २०२२ ला जागतिक आरोग्य संघटनेने भारताच्या १० लाख आशांचा सन्मान केला. त्यानंतर २०२३ मध्ये आणि पुन्हा १२ जानेवारी २०२४ पासून महाराष्ट्रातल्या आशांना संप करावा लागला, कारण दिलेल्या शब्दाचा शासन निर्णय निघाला नव्हता. आझाद मैदानावर त्या आठवडेच्या आठवडे बसल्या. मार्च २०२४ मध्ये दरमहा ५००० रुपयांच्या वाढीला मंजुरी मिळाली. सन्मानाने जे झाले नाही ते संपाने झाले. शब्द मात्र अजून ‘मोबदला’च आहे. २०१३ च्या ४५ व्या भारतीय श्रम परिषदेने योजनांवर काम करणाऱ्यांना कामगार माना, किमान वेतन द्या अशी शिफारस केली होती, ती तशीच पडून आहे.

येथे आपल्या चळवळीलाही एक प्रश्न आहे. आशांच्या संपात पुढे कोण होते? प्रामुख्याने डाव्या आणि इतर कामगार संघटना. या बायांमध्ये कितीतरी आपल्या विहारात येणाऱ्या, १४ ऑक्टोबरला दीक्षाभूमीला जाणाऱ्या आहेत. तरी आपल्या बैठकांत हा प्रश्न ‘महिला आघाडी’कडे ढकलला जातो आणि तेथून तो हळदीकुंकवाला पर्यायी कार्यक्रम कोणता घ्यावा या चर्चेत हरवतो. बाबासाहेब १९४२ ते १९४६ व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते, ८ तासांच्या दिवसाचा आग्रह त्यांचा होता, त्याआधी १९२८ मध्ये गिरणी कामगार बायांच्या बाळंतपणाच्या पगारी रजेची बाजू त्यांनी मुंबई विधिमंडळात मांडली होती. आपण त्यांना संविधानाचे शिल्पकार म्हणून मिरवतो आणि मजूरमंत्री म्हणून विसरतो. गंमत अशी की आमच्याच काही सुशिक्षित, नोकरदार बांधवांच्या घरी म्हाताऱ्या आईला सांभाळायला याच भागातली बाई असते, आणि तिला साप्ताहिक सुट्टी नसते. हे बोलले की लोक विषय बदलतात.

सध्या आम्ही डहाणू आणि तलासरीत एक साधे काम हाती घेतले आहे. २०२० आणि २०२१ या दोन वर्षांत घरोघर गेलेल्या आणि घरात राहून रुग्ण सांभाळलेल्या बायांकडून माहिती लिहून घेत आहोत. कोणत्या महिन्यात किती घरे, किती तास, मास्क आणि मोजे कोणी दिले आणि किती, पैसे किती ठरले, किती हातात पडले, आजारी पडल्यावर खर्च कोणी केला. नावे गुप्त राहतील. आशाताईंकडे जुन्या डायऱ्या आणि सर्वेक्षणाचे कागद आहेत, काहींनी ते रद्दीत देण्याआधी आमच्याकडे दिले. आयाबायांकडे कागद नाहीत, त्यांच्याकडे फोनमधले हजेरीचे मेसेज आणि रेल्वेचे जुने पास आहेत, तेही चालतील. मालकाचे प्रमाणपत्र मिळत नाही म्हणून ज्यांची घरकामगार मंडळात नोंदणी अडली आहे त्यांचे अर्ज एकत्र करून कामगार कार्यालयात नेण्याची तयारी आहे. तलासरी, कासा, गंजाड, चिंचणी, वाणगाव या भागातल्या ज्या कार्यकर्त्यांच्या घरात किंवा शेजारी अशी बाई आहे, त्यांनी आधी तिच्याजवळ बसून एक तास ऐकावे आणि मग आमच्याकडे यावे.